जखम भरते ती कशावर

इंग्रज आरमाराचा सेनानी जॉर्ज ॲन्सन सप्टेंबर १७४० मध्ये सहा लढाऊ जहाजे घेऊन स्पेनच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील ठाण्यांवर चालून जाण्यासाठी निघाला, आणि पुढील वर्षी दक्षिण अमेरिकेच्या टोकाला वळसा घालून होतो न होतो तोच त्याच्या खलाशांना स्कर्व्हीने गाठले. हिरड्या सुजणे, दात हलणे, अंगावर काळेनिळे डाग पडणे ही ह्या रोगाची लक्षणे त्या काळच्या दर्यावर्दी लोकांना चांगलीच परिचित होती. परंतु ह्या सफरीचा जो वृत्तांत रिचर्ड वॉल्टर ह्या जहाजावरील धर्मोपदेशकाच्या नावाने १७४८ साली प्रसिद्ध झाला, त्यात एक विलक्षण गोष्ट नमूद आहे. ‘सेंचुरियन’ जहाजावर एक वृद्ध शिपाई होता. १६९० मधील बॉइनच्या लढाईत तो जखमी झाला होता, आणि त्याच्या जखमा भरून येऊन पन्नास वर्षे लोटली होती. रोग बळावला तशा त्या जखमा पुन्हा उघडल्या, आणि त्या कधी भरल्याच नव्हत्या असे दिसू लागले. इतकेच नव्हे, तर फार पूर्वी मोडून पक्के सांधले गेलेले हाडही सांध्याच्या जागी विरघळून सुटे झाल्याचे वृत्तांतकाराने लिहून ठेवले आहे.

जखमेचा व्रण ही एकदा घातलेली आणि मग विसरून जाता येईल अशी डागडुजी नव्हे, हे ह्या एका उदाहरणावरून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच दुसऱ्या कशाने होईल. व्रण ज्या चिवट तंतूंचा बनलेला असतो, त्यांना कोलॅजन म्हणतात. ते एका प्रथिनाचे तंतू होत. शरीर ते सतत मोडते आणि सतत नवे घडवते. तीन पदर एकमेकांभोवती पीळ देऊन हा तंतू तयार होतो, आणि तो पीळ टिकावा म्हणून त्यातील काही घटकांवर जी रासायनिक क्रिया व्हावी लागते, ती ‘क’ जीवनसत्त्वावाचून होत नाही. ते मिळेनासे झाले की मोडणे चालू राहते आणि घडवणे थांबते.

ह्याचा प्रत्यक्ष पडताळा पाहण्याचे धाडस पुढे बॉस्टन येथील जॉन क्रॅन्डन नावाच्या तरुण शल्यविशारदाने १९३९ साली स्वतःच्या देहावर केले. दूध, फळे, भाज्या सर्व वर्ज्य करून, बाकीची जीवनसत्त्वे मात्र नियमाने घेऊन, तो सहा महिने राहिला. सुमारे दीड महिन्यातच त्याच्या रक्तद्रवातील ‘क’ जीवनसत्त्व नाहीसे झाले. तिसऱ्या महिन्यात त्याच्या पाठीवर मुद्दाम एक छेद घेण्यात आला आणि तो उत्तम भरला, कारण पेशींतील शिल्लक अद्याप संपलेली नव्हती. सहा महिन्यांनंतर घेतलेला दुसरा छेद मात्र वरवर त्वचेने मिटल्यासारखा दिसला, तरी आत पाहता तेथे नुसते गोठलेले रक्त होते, तंतूंचा मागमूस नव्हता. मग त्याला दररोज एक ग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व शिरेतून देण्यात आले, आणि दहा दिवसांत तीच जखम व्यवस्थित भरू लागल्याचे आढळले. ज्या वैद्याने आपल्या रोग्यांना काही सांगण्याआधी ते आपल्या पाठीवर कोरून घेतले, त्याच्याविषयी मला नितांत आदर वाटतो.

परंतु एका जीवनसत्त्वाची कथा म्हणजे सर्व कथा नव्हे, आणि शस्त्रक्रियेनंतरच्या आहाराचा खरा पाया ज्या निरीक्षणाने घातला गेला ते त्याहून दहा वर्षे आधीचे आहे. ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीत डेव्हिड कथबर्टसन हा रसायनज्ञ काम करीत असे. पायाच्या नळीचे हाड खालच्या भागात मोडले तर ते सांधण्यास फार वेळ का लागतो, कॅल्शियम आणि फॉस्फरस लघवीवाटे वाहून जातात म्हणून की काय, असा प्रश्न तेथील शल्यविशारदांनी त्याच्यापुढे टाकला. त्याने रोग्यांच्या मूत्राची दिवसेंदिवस तपासणी आरंभली, आणि उत्तर सापडले ते न विचारलेल्या प्रश्नाचे. प्रथिनांचे विघटन झाल्यावर उरणारा नायट्रोजन अपघातानंतर मूत्रातून अपेक्षेहून कितीतरी अधिक जात होता, आणि हा ऱ्हास पहिल्या दिवशी नव्हे, तर चौथ्या दिवसापासून आठव्या दिवसापर्यंत शिगेला पोहोचत होता. मोडलेल्या पायाजवळचे स्नायू सर्वच्या सर्व झिजले असे मानले तरी हिशेब जुळेना. तेव्हा हे नुकसान एका पायाचे नसून सर्व शरीराच्या स्नायूंचे आहे, असा निष्कर्ष त्याने १९३० च्या सुमारास मांडला.

हा हिशेब वाचकांनी स्वतः करून पाहण्याजोगा आहे. एक ग्रॅम नायट्रोजन म्हणजे सव्वासहा ग्रॅम प्रथिन, आणि तेवढे प्रथिन सुमारे तीस ग्रॅम ओल्या स्नायूत सामावलेले असते. मोठ्या अपघातात दिवसाला वीस ग्रॅम नायट्रोजन गेला, तर त्या एका दिवसात सहाशे ग्रॅम, म्हणजे अर्ध्या किलोहून अधिक, मांस रोग्याच्या देहातून गेले. अंथरुणावर स्वस्थ पडलेला, ‘विश्रांती घेत असलेला’ असे आपण ज्याच्याविषयी म्हणतो, त्याच्या शरीरात ही उलथापालथ चाललेली असते.

ती का चालते, हेही समजून घेतले पाहिजे. उपवासाच्या दिवशी निरोगी माणसाचे शरीर काटकसर करते; यकृतातील साखरेचा साठा सुमारे एका दिवसात संपला की ते चरबीवर निर्वाह करू लागते आणि स्नायूंना शक्य तितके राखते. जखमी शरीराला ही काटकसर जमत नाही. दाहाचे आणि ताणाचे जे संप्रेरकी हुकूम सुटतात, ते स्नायूंतील प्रथिने मोडून यकृताकडे आणि जखमेकडे धाडण्याचेच असतात, कारण जखमेला तंतू हवे असतात, रक्ताला जंतूंशी झुंजणाऱ्या पेशी हव्या असतात, यकृताला नवी प्रथिने बनवावयाची असतात, आणि ह्या सर्वांची तजवीज एवढ्या तातडीने दुसऱ्या कोठून होणे शक्य नसते. सरपण संपले म्हणून घराचे वासे काढून चुलीत घालावे, तसा हा प्रकार आहे. दोन दिवस तो निभतो, दोन आठवडे निभत नाही. कारण ज्या स्नायूंवर हा भार पडतो, त्यांतच श्वास घेण्याचे आणि खोकून कफ काढण्याचे स्नायूही आले. शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही वृद्ध रोगी पुढे न्यूमोनियाने दगावला, असे आपण ऐकतो, तेव्हा पुष्कळदा त्याच्या छातीत कफ बाहेर टाकण्याइतके बळ उरलेले नसते.

पुरेशी प्रथिने खाऊ घालून हा ऱ्हास संपूर्ण थांबत नाही, पण बराच कमी होतो, हे कथबर्टसननेच पुढे दाखवले. आणि शस्त्रक्रियेपूर्वीच ज्याची शिल्लक खालावलेली आहे त्याची अवस्था काय होते, हे क्लीव्हलंड येथील हायरम स्टडली ह्या शल्यविशारदाने १९३६ साली आकड्यांनिशी मांडले. जठरव्रणासाठी शस्त्रक्रिया केलेल्या रोग्यांची वजने त्याने पाहिली. ज्यांचे वजन आधीच शेकडा वीसहून अधिक घटले होते, त्यांच्यापैकी एक तृतीयांश दगावले. ज्यांचे तितके घटले नव्हते, त्यांच्यात हे प्रमाण शेकडा साडेतीन होते. वय, हृदयाची स्थिती, शल्यविशारदाचे कौशल्य ह्यांतील कशानेही हा फरक उलगडेना; वजनकाट्याने उलगडला. शस्त्रक्रिया तातडीची नसेल तर आधीच्या दोनतीन आठवड्यांत रोग्याला नीट खाऊ घालणे, रक्त कमी असल्यास लोहाची बेगमी करणे आणि तंबाखू व मिस्री सोडवणे हा उपचाराचा भाग आहे, असे आजचे शल्यविशारद मानतात ते ह्याच परंपरेतून.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्याकडे रोग्याच्या खाण्याविषयी आस्था नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. किंबहुना आस्था इतकी आहे की तिच्यापायी रोगी उपाशी राहतो. आंबट दिले तर जखम चिघळेल, भाताने पू होईल, डाळ वातूळ, अंडे उष्ण, दही थंड, केळे कफकारक, अशी एकेक वस्तू वगळीत शेवटी ताटात उरते ती पातळ पेज, साबुदाण्याची खीर आणि चहाबरोबर दोन बिस्किटे. वाडगाभर पेजेत प्रथिन असते तीनचार ग्रॅम. साबुदाण्यात जवळजवळ नाहीच. भेटीच्या वेळी सार्वजनिक रुग्णालयाच्या वॉर्डात थोडा वेळ उभे राहिले तर हेच चित्र दुसऱ्या बाजूने दिसते. प्रत्येक खाटेशेजारच्या लोखंडी कपाटावर शहाळे आहे, मोसंबी आहेत, सफरचंदे आहेत, ग्लुकोजचा पुडा आहे. रोग्याच्या उशाशी बसलेली आई किंवा वहिनी मोठ्या मायेने मोसंबी सोलून एकेक फोड त्याच्या हातात देते आहे. आणि त्या सर्व कपाटांत मिळून उकडलेले अंडे, मुगाचे घट्ट वरण किंवा दह्याची वाटी शोधून सापडत नाही. मोसंबी उत्तमच, तिच्यात ‘क’ जीवनसत्त्व आहे. शहाळ्याने पाणी आणि क्षार मिळतात. पण स्नायू वाचवण्याचे काम त्यांच्याकडून होणार नाही.

ह्या वर्ज्यावर्ज्याचा आधार म्हणून आयुर्वेदाकडे बोट दाखवण्यात येते, म्हणून मूळ ग्रंथात काय आहे ते पाहणे न्यायाचे होईल. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात ‘व्रणितोपासनीय’ नावाचा अध्याय आहे. जखमी माणसाची खोली कशी असावी, अंथरूण कसे, भोवती बसणारे सुहृद कसे, येथपासून तो आहारापर्यंत त्यात विचार केलेला आहे. नवे धान्य, तीळ, उडीद, आंबट, खारट, तिखट, दूध, दही ह्यांचा तेथे निषेध आहे, हे खरे. पण त्याच अध्यायात जुन्या तांदळाचा ऊन भात तुपासह, जांगल प्राण्यांचे मांस, मुगाचे कढण, माठ आणि चाकवतासारख्या पालेभाज्या, आणि त्यांच्याबरोबर डाळिंब व आवळा सांगितला आहे. भाताने पू होतो म्हणणाऱ्यांनी तो भात पाहावा. आणि आंबटाचा सरसकट धसका घेणाऱ्यांनी तो आवळा पाहावा, ज्याच्याइतके ‘क’ जीवनसत्त्व असलेली फळे फार थोडी आहेत. दुधादह्याचा निषेध आज ज्ञात असलेल्या पुराव्यावर टिकत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. पण एकंदरीत सुश्रुताचे ताट पाहिले तर ते पोटभरीचे, स्निग्ध आणि पचण्याजोगे आहे. आपण त्यातले निषेध तेवढे पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले आणि मांस, मूग, तूप, आवळा सोडून दिले.

दुसरी समजूत अलीकडची आणि अधिक घातक आहे. ‘सलाईन लावले आहे, आता खाण्याची घाई नको’ हे वाक्य शिकलेल्या घरांतही ऐकू येते, आणि खेड्यांतून तर अशक्तपणा वाटला की एक बाटली चढवून घेण्यासाठी मजूर आपली दिवसाची मजुरी खर्च करतो. त्या बाटलीत असते काय? साधे सलाईन असेल तर पाणी आणि लीटरमागे नऊ ग्रॅम मीठ. अन्न म्हणून त्याची किंमत शून्य. शर्करेचे असेल, तर अर्ध्या लीटरच्या बाटलीत पंचवीस ग्रॅम, म्हणजे पाचसहा चमचे, साखर. तिच्यापासून मिळणारी उष्णता शंभर उष्मांकांच्या आत, ज्वारीच्या अर्ध्या भाकरीइतकी. प्रथिन त्यात नसतेच. रक्तस्रावात, ओकारी-जुलाबांत, भुलेच्या काळात हे द्रव प्राण वाचवतात. परंतु ते पाणी आणि क्षार पुरवतात, जेवण पुरवीत नाहीत. शिरेवाटे संपूर्ण आहार देण्याची पद्धत निराळी असून ती १९६०-७० च्या दशकात फिलाडेल्फियात स्टॅन्ली डुड्रिक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केली. ती खर्चाची आणि जोखमीची आहे, आणि ज्यांचे आतडे कामच करीत नाही अशांसाठीच ती राखून ठेवतात. आतडे चालत असेल तर अन्न आतड्यातूनच गेले पाहिजे, कारण उपाशी आतड्याचे अस्तरही झिजते.

आणि आतडे चालते आहे हे ठरवावयाचे कसे? ‘वारा सरला का?’ हा प्रश्न पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर, परिचारिका, आणि रात्री सोबतीला राहणारा भाचा असे सर्वजण रोग्याला विचारीत राहत, आणि होकार मिळेपर्यंत त्याच्या तोंडात काही पडत नसे. त्याआधीचा दिवसही उपवासाचाच असे, कारण भुलेत पोटातील अन्न फुप्फुसांत उतरण्याचा धोका न्यूयॉर्कच्या कर्टिस मेंडेल्सनने १९४६ साली दाखवून दिल्यापासून मध्यरात्रीनंतर पाणीसुद्धा बंद, असा दंडक जगभर पडला. त्याची भीती यथार्थ होती. पण दंडक गरजेहून फार कडक झाला. साधे पाणी जठरातून लवकर निघून जाते, म्हणून निरोगी जठराच्या रोग्याने भुलेपूर्वी दोन तासांपर्यंत पाण्यासारखे स्वच्छ द्रव आणि सहा तासांपर्यंत हलके अन्न घेतले तरी चालते, असे भूलतज्ज्ञांचे आजचे नियम आहेत. कोपनहेगनच्या हेन्रिक केलेटने १९९० नंतर आतड्याच्या शस्त्रक्रियेतील जुन्या रूढी एकेक करून तपासून पाहिल्या, आणि वेदना नीट शमवून, रोग्याला लवकर उठवून बसवून, बहुतेकांना पहिल्याच दिवशी तोंडाने अन्न सुरू केले. रोगी लवकर बरे होऊन घरी जाऊ लागले. कोणत्या शस्त्रक्रियेनंतर केव्हा आरंभ करावा, हे अर्थात त्या शल्यविशारदानेच ठरवावयाचे. पण ‘काय बंद?’ ह्याबरोबर ‘जेवण केव्हा सुरू?’ हा प्रश्नही नातेवाइकांनी त्याला आवर्जून विचारावा.

किती खावे, ह्याचे मान साधारण ठरलेले आहे. निरोगी प्रौढाला किलो वजनामागे पाऊण ग्रॅमहून किंचित जास्त प्रथिन पुरते. शस्त्रक्रियेनंतर ते सव्वा ते दीड ग्रॅम लागते, आणि उष्मांक किलोमागे पंचवीस ते तीस. पंचावन्न किलोच्या बाईला म्हणजे दिवसाला सत्तर-ऐंशी ग्रॅम प्रथिन हवे. हे मान कठीण वाटते, पण ते आपल्याच स्वयंपाकघरात जुळते: सकाळी दोन उकडलेली अंडी, दिवसभरात दूध आणि दही मिळून अर्धा लीटर, दुपारी दोन भाकऱ्यांबरोबर वाटीभर घट्ट वरण, मोड आलेल्या मटकीची एक मऊ उसळ, मूठभर शेंगदाण्यांचे कूट कोशिंबिरीत किंवा भाजीत, आणि संध्याकाळी बांगड्याचा अगर कोंबडीचा एक बेताचा तुकडा. शाकाहारी असेल तर अंडी-मासळीच्या जागी पनीर, दुधात कालवलेली दुधाची भुकटी आणि भाकरीच्या पिठात मिसळलेले सोयाबीनचे पीठ ही उणीव भरून काढतात. त्यावर एक पेरू किंवा आवळा. पेरूच्या शंभर ग्रॅममध्ये दोनशे मिलिग्रॅमहून अधिक ‘क’ जीवनसत्त्व असते, म्हणजे दिवसाच्या गरजेच्या दुपटीहून जास्त. मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा विकार असलेल्यांचे मान निराळे. त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून ह्यात बदल करू नये.

रोग्याला भूक नसते, ही खरी अडचण आहे, आणि तिच्यावर फ्लॉरेन्स नाइटिंगेलने रुग्णपरिचर्येवरील आपल्या पुस्तकात शंभर वर्षांहून अधिक काळापूर्वी जे लिहिले त्यापुढे फारसे जाता येत नाही. भरल्या घरात रोगी उपाशी मरतात, ते अन्न नसल्यामुळे नव्हे तर ते केव्हा आणि कसे द्यावे इकडे कोणाचे लक्ष नसल्यामुळे, असे तिचे म्हणणे होते. एकदम ताट पुढे न करता तासातासाला थोडे द्यावे, आणि न खाल्लेले ताट उशाशी तसेच ठेवू नये, हे तिने बजावून सांगितले आहे. पेजेत मुगाची डाळ शिजवणे, खिरीत अंडे किंवा भुकटी घालणे, भातावर तूप वाढणे, अशा युक्तींनी त्याच चार घासांत दुप्पट पोषण जाते.

हाड मोडले की पायांचे सूप द्यावे, ही रीत सर्वत्र आहे. हाडांपासून काढलेल्या जिलेटिनचा रस पॅरिसच्या रुग्णालयांत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मांसाऐवजी वाढला जात असे, आणि तो खरोखर पोषक आहे की नाही हे तपासण्यासाठी नेमलेल्या मंडळाने मॅजेंडी ह्या शरीरशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली कुत्र्यांवर प्रयोग करून १८४१ साली निर्णय दिला की केवळ जिलेटिनवर प्राणी जगत नाही. कारण पुढे कळले: ट्रिप्टोफॅन नावाचा अत्यावश्यक घटक त्यात नाहीच. तेव्हा सूप रुचीसाठी आणि भूक चाळवण्यासाठी अवश्य प्यावे, पण जेवणाची जागा त्याला देऊ नये. हाडाला प्रथिनांबरोबर कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्व लागते. पहिले दुधातून आणि नाचणीतून मिळते, दुसरे अन्नात फार थोडे असल्याने उन्हातून अगर गोळीतून घ्यावे लागते. जस्ताची कमतरता असेल तर जखम रेंगाळते, पण कमतरता नसता जस्ताच्या गोळ्यांनी ती वेगाने भरत नाही. बाजारातील ‘ताकदीच्या’ बहुतेक औषधांविषयी हेच म्हणता येईल. डिंकाचे लाडू उष्मांकांसाठी चांगले, प्रथिनांसाठी नव्हेत.

मधुमेही रोग्यांविषयी मला विशेष काळजी वाटते. साखर वाढेल ह्या भयाने त्यांचे जेवण अर्ध्यावर आणले जाते, पायाची जखम महिनोन् महिने ओली राहते, आणि शेवटी बोट किंवा पाऊल काढण्यावर पाळी येते. रक्तातील साखर वाढलेली असता जखम भरत नाही हे सत्य आहे, तद्वतच उपाशी शरीरातही ती भरत नाही. म्हणून येथे उपाय उपासमार नसून, गोड आणि मैदा टाळून प्रथिनयुक्त जेवण पुरेसे देणे आणि साखर इन्सुलिनने अगर औषधाने आवरणे हा आहे.

अतिशय खंगलेल्या, आठवडाभर काहीच न खाल्लेल्या माणसाला मात्र एकाएकी भरपेट जेवू घालू नये. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस छावण्यांतून सुटलेल्या उपाशी बंद्यांपैकी काही पोटभर अन्न मिळताच दगावले, कारण पेशी पुन्हा साखर वापरू लागल्या की रक्तातील फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्याने आत ओढले जातात आणि हृदय अडखळते. अशा रोग्याचा आहार रुग्णालयात, रक्त तपासत, हळूहळू वाढवला जातो.

अन्नाबरोबर हालचालही हवी. निरोगी वृद्धांना केवळ दहा दिवस अंथरुणावर ठेवले असता त्यांच्या पायांचे जवळजवळ एक किलो मांस झडल्याचे आढळले आहे, आणि त्या काळात त्यांना जेवण नेहमीचे मिळत होते. म्हणून डॉक्टरांनी परवानगी दिल्याबरोबर रोग्याला खुर्चीत बसवून जेवू घालावे, दोन्ही बाजूंनी धरून चार पावले चालवावे. स्नायू वापरला गेला तरच खाल्लेले प्रथिन तेथे मुरते.

टाके सातव्या-दहाव्या दिवशी निघतात, आणि त्या दिवशी घरातील सर्वांना वाटते की संकट टळले. दुधाचा जादा रतीब बंद होतो, अंडी बंद होतात. त्या वेळी जखमेचे बळ अत्यल्प असते. तीन आठवड्यांनी ते मूळ त्वचेच्या शेकडा वीसच्या आसपास पोहोचते, पुढे वर्षभर तंतू मोडून पुन्हा अधिक नेटके विणले जात राहतात, आणि तरीही ते शेकडा ऐंशीच्या पलीकडे सहसा जात नाही. मोडलेल्या हाडाला सहा ते बारा आठवडे लागतात, गमावलेल्या स्नायूंना त्याहूनही जास्त. म्हणून वाढीव आहार निदान दोन महिने चालू ठेवावा, आणि रुग्णालयातून निघताना रोग्याचे वजन करून ते घरी परतण्याच्या कागदावर लिहून घ्यावे. पुढे दर पंधरवड्याला त्याच काट्यावर, त्याच वेळी, तशाच कपड्यांत ते पाहावे. जखम वरून मिटलेली दिसत असूनही वजन घटतच असेल, तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न पाहता तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जावे.